बॅट नुसती धरून ठेवली, हलवली नाही, तर स्ट्राइक द्यायचा का? (बेसबॉल, १४ वर्षांखालील मुलं; बंट म्हणजे स्विंग न करता बॅटनं बॉल हळूच ढकलणं)

फक्कीवाला मास्तर, नाशिकरोड:

मी मूळचा खो-खोचा माणूस. एका शाळेत पंचवीस वर्षं खेळ शिकवतोय आणि त्यातली वीस तरी खांबाशेजारी उभं राहण्यात गेली. बेसबॉल आमच्याकडे आला तो सॉफ्टबॉलच्या पाठुंगळीला बसून. मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ आधीपासून होता, मग मुलांनी हट्ट धरला, शाळेनं दोन बॅटी आणि कॅचरचं एक किट घेऊन दिलं, आणि मी सॉफ्टबॉल शिकवणाऱ्या शिक्षकांकडून नियम तोंडी शिकून घेतले. हे आधीच सांगून टाकतो, कारण घोळाचं मूळ तिथंच असावं असा मला संशय आहे.

परवा दोन शाळांमध्ये सामना झाला. त्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरीतला दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडालेला, आणि आमचं मैदान काळ्या मातीचं. सकाळी सहाला मी स्वतः फक्की मारली. साडेआठ वाजेपर्यंत बॅटरच्या चौकटीची अर्धी रेघ पोरांच्या बुटांना लागून निघून गेली होती. होम प्लेटमागं, म्हणजे बॅटरपुढच्या जमिनीतल्या पाटीमागं, अंपायर म्हणून मीच. मास्क उसना, छातीचा पॅड कॅचरचा जुना, त्याचा एक पट्टा तुटलेला म्हणून सुतळीनं बांधलेला.

शेवटची इनिंग. बॅटिंग करणारा संघ एका रननं मागे, ६-७. एक आउट. तिसऱ्या बेसवर रनर, बाकी बेस मोकळे. काउंट तीन बॉल, दोन स्ट्राइक, म्हणजे आणखी एक स्ट्राइक झाला की बॅटर आउट, आणखी एक बॉल (झोनबाहेरचा, न खेळलेला) झाला की त्याला पहिला बेस फुकट. बॅटिंगला सातवीतलं एक बारकं पोरगं, हेल्मेट भुवयांवर उतरणारं. त्याच्या कोचनं कानाला हात लावला, मग पट्ट्याला, मग पुन्हा कानाला. बंट येणार हे मला कळलं, थर्ड बेसमनला कळलं, बांधावर भेळ खात बसलेल्या रिक्षावाल्यालाही कळलं असेल.

पिचर हात उचलतोय तोच पोरगं वळलं, बॅट आडवी छातीसमोर धरली. रनर सुटला. पिच, म्हणजे पिचरनं टाकलेला बॉल, आला वर, पोराच्या हनुवटीच्या उंचीचा. पोरानं काही केलं नाही. म्हणजे अक्षरशः काहीच नाही. बॅट पुढं गेली नाही, मागं आली नाही, मान तेवढी खांद्यात गेली. बॉल बॅटच्या वीतभर वरून कॅचरच्या मिटमध्ये. मी ओरडलो, "स्ट्राइक थ्री!" कॅचरनं दोन पावलं पुढं येऊन धावत आलेल्या रनरला बॉल लावून टॅग केलं. तीन आउट, सामना खलास.

कोच धावत आले. "सर, त्यानं बॅट हलवलीच नाही हो! आणि बॉल हनुवटीला होता!" मी म्हणालो, "मागं घेतली का? नाही ना? मग प्रयत्न झाला." ते म्हणाले, बेसवरच्या अंपायरला विचारा. मी म्हणालो, विचारणार नाही. आवाज दोघांचाही चढला. पोरगं मात्र रडलं नाही. हेल्मेट काढलं, त्यात हातमोजे टाकले, आणि जाताना मलाच "थँक यू सर" म्हणून गेलं. ते जास्त लागलं.

खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं दिशा घेतली की नाही हे ठरवताना आम्ही त्याच्या खांद्यांच्या रेषेकडे बघतो. खांदा वळला की वळला, त्यात त्याच्या मनात काय होतं याला किंमत नाही. बंटमध्ये तसं नेमकं बघायचं काय? बॅट कुठं धरली ते, की बॅट कुठं गेली ते?

आणखी एक विचारून घेतो. त्याच सामन्यात तिसऱ्या इनिंगला एका पोरानं बंट मारताना पाय प्लेटवर टेकवला. मी आउट दिलं. तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिलेला नाही.


एलबीडब्ल्यू नाना, पंचवटी:

मास्तर, झोप उडवून घेऊ नका. बरोबर दिलंत. बॅट पुढं धरली म्हणजे खेळायचा इरादा झाला. क्रिकेटमध्ये बॅट्समननं शॉट खेळायचा खराखुरा प्रयत्न केला की नाही हे अंपायरच ठरवतो, आणि केला नसेल तर लेगबायही मिळत नाही. तुमचा पोरगा बॅट आडवी घालून उभा. आता अजून काय लेखी द्यायचं त्यानं?

आणि कोचनं आत येऊन आवाज चढवला तिथंच त्यांना मैदानाबाहेर काढायला हवं होतं. मी चाळीस वर्षं टेनिस बॉलच्या स्पर्धांना उभा राहिलोय. अंपायर एकदा मऊ पडला की पोरंसुद्धा डोक्यावर बसतात.

बंटमध्ये बॉल बोटांना लागला तर तोही बॅटलाच लागला असं धरा, हेही लगेहाथ सांगून ठेवतो. हात म्हणजे बॅटच.


मागून बघणारा, सिडको:

नाना, तुमचा मान ठेवून सांगतो, तिन्ही मुद्दे चुकले. बोटांचा तर सगळ्यात जास्त. त्याच्याकडे येतोच.

मास्तर, तुमचा संशय खरा आहे. सॉफ्टबॉलचा नियम बेसबॉलला लागला. अमेरिकेतल्या शाळांच्या सॉफ्टबॉल नियमांत असं आहे की बॅट स्ट्राइक झोनमध्ये (प्लेटवरच्या ज्या भागातून गेलेला पिच स्ट्राइक धरतात तिथं) धरून ठेवली तर तो बंटचा प्रयत्न धरायचा, आणि पिच सोडायचा असेल तर बॅट मागं घ्यावी लागते. तिथल्याच शाळांच्या बेसबॉल नियमांत नेमकं उलटं आहे: बॅट झोनमध्ये नुसती धरणं म्हणजे प्रयत्न नव्हे. व्यावसायिक बेसबॉलच्या नियमपुस्तकातली बंटची व्याख्याही बघा. स्विंग न करता, मुद्दाम बॅटनं बॉलला भेटायचं आणि हळूच इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या मैदानात, ढकलायचं. 'मुद्दाम भेटायचं' हे महत्त्वाचं. बॅट बॉलकडे गेली का, एवढंच बघायचं. तुमच्याच भाषेत सांगायचं तर बॅट म्हणजे खांदा. तो कुठं आहे यापेक्षा वळला का ते बघा.

तुमच्या पोराची बॅट पुढं आली नाही, खाली-वर झाली नाही. बॉल हनुवटीला. झोनची वरची हद्द खांदे आणि पँटचा पट्टा यांच्या मधोमध असते आणि खालची गुडघ्याच्या वाटीखाली, म्हणजे हनुवटी झोनच्या बरीच वर. तो बॉल होता, चौथा. पोरगं पहिल्या बेसवर जायला हवं होतं.

हेही लक्षात ठेवा की बंटसाठी पोरगं वाकलं म्हणून झोन खाली सरकत नाही. झोन ठरतो तो स्विंगसाठी तयार उभं राहिल्यावरच्या उंचीवरून. आमच्याकडे बरेच जण इथं फसतात. पोरगं गुडघ्यात वाकलेलं, डोळ्यांसमोरून गेलेला बॉल, म्हणून अंपायर बॉल देतो, आणि तो असतो चांगला छातीच्या खालचा स्ट्राइक.

आता जरा कडू घोट. चौथा बॉल दिला असता तरी तुमचा रनर वाचला नसता. बेस ऑन बॉल्समध्ये, म्हणजे चार बॉलांवर मिळणाऱ्या फुकट बेसमध्ये, बॉल डेड होत नाही, खेळ चालू राहतो. पहिला आणि दुसरा बेस मोकळा, त्यामुळं बॅटर पहिल्यावर गेला तरी तिसऱ्यावरच्या रनरला पुढं ढकलणारं कुणी नाही. तो स्वतःच्या जबाबदारीवर सुटला आणि टॅग झाला. तो आउटच. तिन्ही बेस भरलेले असते तर त्याला होम मिळालं असतं आणि सामना बरोबरीत आला असता. म्हणजे बरोबर निर्णयाचा हिशेब असा: दोन आउट, बॅटर पहिल्यावर, पुढचा पोरगा बॅटिंगला. तुम्ही सामना हरवला नाहीत, पण एक बॅटर खाल्लात.

बेसवरच्या अंपायरला विचारायचं बंधन तुमच्यावर नव्हतं. अर्ध्या स्विंगची दाद मागता येते ती प्लेट अंपायरनं पिच स्ट्राइक दिला नसेल तेव्हा, आणि ती मागायची कॅचरनं किंवा फिल्डिंगच्या बाजूच्या कोचनं. स्ट्राइक दिल्यावर बॅटिंगच्या बाजूला तो हक्क नाही. पण तुमचं तुम्हालाच खात्रीचं नव्हतं, तर स्वतःहून दोन पावलं चालून विचारायला कुणी अडवलं होतं? मी विचारतो. छत्तीस वर्षांत त्यानं माझी इज्जत गेलेली नाही.

पायाचं. चौकटीच्या रेघा चौकटीतच मोजतात. पाय पूर्णपणे चौकटीबाहेर जमिनीवर टेकलेला असेल आणि त्याच क्षणी बॅट बॉलला लागली, तरच आउट. पूर्ण मापाच्या मैदानावर चौकट चार फूट बाय सहा फूट, आणि तिची आतली रेघ प्लेटपासून सहा इंचांवर. आता सातवीतल्या पोराचा बूट मोजा. नऊ इंच तरी भरेल. म्हणजे चवडा प्लेटवर आणि टाच रेघेवर असं एकाच वेळी होऊ शकतं, आणि या नियमानं ते पोरगं आउट नाही. अमेरिकेतल्या शाळांच्या नियमांत मात्र पाय प्लेटला लागला असताना बॉल मारला तरी आउट आहे. तुमची स्पर्धा कुठलं पुस्तक धरते ते आधी विचारून ठेवा. तिसऱ्या इनिंगला टाच कुठं होती?

नाना, बोटांचं. क्रिकेटमध्ये बॅट धरलेला हातमोजा बॅटचाच भाग, म्हणून आपल्याकडे बेसबॉल बघणाऱ्या दहातल्या नऊ जणांना तुमच्यासारखंच वाटतं. बेसबॉलमध्ये हात हा बॅटरचाच. पिच बोटांना लागला की बॉल तिथंच डेड. त्यानंतर तो बॅटला लागून कितीही झकास घरंगळला तरी उपयोग नाही.


सातपूर_कॅचर:

मी शाळेत असताना चार वर्षं कॅचर होतो, आता रात्रपाळीत मशीन सांभाळतो, म्हणून हे पहाटे टाकतोय.

मास्तर, तुम्ही उभे कुठं होता? बऱ्याच शाळांचे सर कॅचरच्या बरोबर मागं उभे राहतात. तिथून बॅट पुढं गेली की नाही हे दिसूच शकत नाही, समोर आमचं डोकं असतं. कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत उभं राहायचं. मग बॅट कडेनं दिसते आणि ती दोन इंच जरी पुढं सरकली तरी कळतं. आणि आम्ही कॅचर लोक लबाड असतो. बॅटर बंटला उभा राहिला की पिच कसाही असो, मिट झटकन आत ओढायचो आणि वळून अंपायरकडे बघायचो, जणू चोरी पकडली. अर्धे स्ट्राइक त्या बघण्यावर मिळालेले आहेत, आता सांगायला हरकत नाही.

पण कॅचरलाही एक खड्डा आहे. स्क्वीझमध्ये, म्हणजे तुमच्यासारखा तिसऱ्यावरचा रनर सुटलेला असताना, कॅचर हातात बॉल नसताना प्लेटवर किंवा प्लेटच्या पुढं आला, किंवा बॅटरला नाही तर बॅटला त्याचा धक्का लागला, तर पिचरवर बॉक (पिचरच्या नावावर लागणारी चूक, जिच्यामुळं रनर एक बेस पुढं जातो), बॅटरला पहिला बेस, आणि रनरला होम. तुमचा कॅचर 'दोन पावलं पुढं' आला म्हणालात. बॉल मिटमध्ये आल्यावर ना? मग ठीक. आधी आला असेल तर निकालच फिरतो. मी एकदा असाच घाईनं पुढं गेलो होतो आणि अंपायरला नियम माहीत नव्हता म्हणून वाचलो. आमचा संघ जिंकला. त्या दिवशी मी घरी कुणाला काही सांगितलं नाही.

माझंही एक दुखणं आहे. बंट माझ्या पुढ्यात पडला, मी उचलून पहिल्या बेसला फेकला, थेट रनरच्या पाठीत. तो फाउल लाइनच्या (होमपासून बेसकडे जाणाऱ्या हद्दीच्या रेघेच्या) चांगला आतून, गवतातून पळत होता. अंपायरनं 'रनरला लागला, चालू द्या' म्हटलं आणि दोन रन गेले. नंतर कळलं की होमपासून पहिल्या बेसच्या वाटेत शेवटच्या अर्ध्या भागात, नव्वद फुटांच्या वाटेवर म्हणजे शेवटच्या पंचेचाळीस फुटांत, बॅटरनं तीन फुटी पट्ट्यातून पळायचं असतं. बाहेरून पळाला आणि थ्रो झेलणाऱ्याला त्यामुळं अडथळा झाला असं अंपायरला वाटलं, तर तो आउट. अमेरिकेच्या मेजर लीगनं २०२४ पासून आतल्या बाजूची माती, गवताच्या कडेपर्यंत, चालेल असं केलं. पण आमच्या मैदानावर गवत कुठं संपतं आणि माती कुठं सुरू होते हे गाईलाच माहीत. बंट येणार असेल तर फक्की मारताना तो तीन फुटी पट्टाही मारा, मास्तर. कुणीच मारत नाही.

कॅचर आणि बॅटर एकमेकांवर आदळले तर लगेच शिट्टी मारू नका, हेही. बंटनंतर दोघंही आपापल्या कामाला निघालेले असतात, धक्का लागतोच. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या, तिसऱ्या सामन्यात सिनसिनाटीच्या एड आर्मब्रिस्टरनं बंट मारला आणि बोस्टनचा कॅचर कार्लटन फिस्क त्याला अडखळला. फिस्कचा थ्रो सेंटर फिल्डमध्ये गेला, आणि दहाव्या इनिंगमध्ये सिनसिनाटी ६-५ नं जिंकली. अंपायर लॅरी बार्नेट यांनी अडथळा दिला नाही. बोस्टनवाले त्यावर वर्षानुवर्षं बोलत राहिले. म्हणजे तुमचा सामना एकट्याचा नाही.


टिफिनवाली आई, गंगापूर रोड:

मला नियमांतलं फार कळत नाही, पण माझा मुलगा सहावीत आहे आणि मागच्या महिन्यात बंट मारताना त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीला बॉल लागला. नख काळं झालं. अंपायर सरांनी त्याला पहिल्या बेसवर न पाठवता स्ट्राइक दिला, आणि दोन स्ट्राइक आधीच असल्यामुळं आउट. मुलाचं म्हणणं, लागलं तर बेस मिळतो. तो दोन दिवस जेवताना हेच बोलत होता, चमचा डाव्या हातात धरून. सर चुकले होते का?


मागून बघणारा, सिडको:

ताई, मुलानं बॅट बॉलकडे नेली होती का? नेली असेल तर सर बरोबर होते. प्रयत्न करताना अंगाला लागलेला पिच हा स्ट्राइक, बॉल डेड, बेस नाही. तिसरा असेल तर आउट. प्रयत्न केला नसता, पिच झोनबाहेर असता आणि त्यानं चुकवायचा प्रयत्न केला असता, तर बेस मिळाला असता. हललाच नाही तर नुसता बॉल.

पण खरं सांगू? नख काळं झालं याचा अर्थ वरच्या हाताची बोटं बॅटच्या पुढून गुंडाळलेली होती. वरचा हात बॅटच्या मागून चिमटीत धरायचा, अंगठा वर, तर्जनीचा आकडा बॅटच्या मागं लपलेला. कुणीतरी त्याला हे दाखवलेलं नाही. त्याला घरी लाटणं धरायला लावा आणि समोरून बघा. तुम्हाला त्याची बोटं दिसली तर बॉललाही दिसणार.


एलबीडब्ल्यू नाना, पंचवटी:

बोटांचं मान्य, माघार. क्रिकेट डोक्यातून जात नाही. पण मग एक सांगा, दोन स्ट्राइक असताना मारलेला बॉल फाउल, म्हणजे हद्दीच्या रेघेबाहेर, गेला तर बॅटर वाचतो, हे मी टीव्हीवर हजारदा पाहिलं. बंट फाउल गेला तर मात्र आउट? हा कुठला न्याय?


मागून बघणारा, सिडको:

जुना न्याय, नाना. पूर्वी चलाख बॅटर मुद्दाम एकामागून एक बंट फाउल करायचे. पिचर दमायचा आणि काउंट जागचा हलायचा नाही. म्हणून १८९४ मध्ये फाउल बंटला स्ट्राइक धरायला सुरुवात झाली, साध्या फाउलला स्ट्राइक धरण्याच्याही काही वर्षं आधी. आजही तिसरा स्ट्राइक फाउल बंट झाला तर बॅटर आउट, बॉल डेड, रनर मागं. अपवाद एकच, तो हवेत झेलला तर झेलाचा आउट आणि खेळ चालू. शाळेतल्या पोरांना हे सामन्याआधीच सांगावं. नाहीतर पोरगं फाउल बघून निवांत चौकटीत परत येतं आणि त्याला कळतच नाही की आपण आउट आहोत.

इनफिल्ड फ्लायमध्येही (आतल्या मैदानात सहज झेलता येईल असा बॉल वर उडाला की बॅटरला लगेच आउट देतात तो नियम) बंट धरत नाहीत. पहिल्या-दुसऱ्यावर रनर, कोणीही आउट नाही, आणि बंट वर उडाला, तर 'इनफिल्ड फ्लाय' ओरडू नका. फिल्डरनं तो हातही न लावता जमिनीवर पडू दिला आणि दोन आउट काढले तर ती त्याची हुशारी. हाताला लावून मुद्दाम सोडला तर मात्र बॅटर आउट आणि रनर आपापल्या जागी. बारा-तेरा वर्षांच्या पोरांत ही हुशारी क्वचित दिसते. दिसली की मला उगाच आनंद होतो.


फक्कीवाला मास्तर, नाशिकरोड:

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. टाच कुठं होती विचारलंत. मागून बघणारे सर, खरं सांगतो, मला माहीत नाही. तोवर रेघच गेलेली होती. मी पाय प्लेटवर पाहिला आणि हात वर केला. म्हणजे दोन पोरं खाल्ली.

काल संध्याकाळी त्या कोचना फोन केला. म्हणालो, तुमचं बरोबर होतं, तो बॉल होता. ते थोडं थांबले. मग म्हणाले, सर, सामना गेला तो गेला, पण पोरगं मला विचारत होतं की पुढच्या वेळी बॅट मागं घेऊ का. मी त्यांना म्हणालो, नियमानं गरज नाही, पण घ्यायला सांगा. माझ्यासारखा एखादा मागं उभा असेल तर बरं पडेल. त्यावर ते पहिल्यांदा हसले.

उभं राहण्याच्या जागेचा सराव केला. थोरली मुलगी अंगणात टेनिस बॉल टाकायला, धाकटा झाडूचा दांडा आडवा धरून, त्याच्या मागं पाटावर उकिडवी बसलेली पुतणी कॅचर म्हणून, आणि मी तिच्या खांद्याआडून. धाकट्याला सांगून ठेवलं, कधी दांडा पुढं ढकल, कधी तसाच ठेव, मला आधी सांगू नकोस. पहिल्या वीस पिचमध्ये सात चुकलो. फटीत सरकल्यावर पुढच्या वीसमध्ये दोन. कॅचरच्या डोक्यामागून खरंच काही दिसत नाही, सातपूरकर. आणि माझी सवय बॉलच्या मागं डोळे नेण्याची. बॉल तर मिटमध्ये सापडणारच आहे, मधल्या क्षणी नजर बॅटवर हवी.

आता एकच प्रश्न उरला. पावसात फक्की टिकत नाही. बंट रेघेवरून घरंगळत चालला असेल आणि रेघच नसेल तर फेअर की फाउल कसं ठरवायचं? परवा एका पोरानं तर बॉल फाउल जावा म्हणून त्यावर फुंकर मारली.


सातपूर_कॅचर:

फुंकर! १९८१ च्या मे महिन्यात सिॲटलच्या लेनी रँडलनं हेच केलं होतं. कॅन्सस सिटीच्या एमॉस ओटिसनं मारलेला हळू बॉल तिसऱ्या बेसच्या रेघेवरून घरंगळत होता, रँडल गुडघ्यांवर-हातांवर पडला आणि फुंकायला लागला. बॉल बाहेर गेला. अंपायरनं आधी फाउल दिला, मग समोरचा मॅनेजर भांडायला आल्यावर ओटिसला बेस दिला. तुमचं पोरगं मेजर लीगच्या दर्जाचं आहे, मास्तर.


मागून बघणारा, सिडको:

रेघ नसली तरी ती असतेच. प्लेटच्या मागच्या टोकापासून बेसच्या बाहेरच्या कडेला लागून सरळ जाते. सामन्याआधी त्या वाटेवर सुतळी ताणून ठेवा आणि पंधरा-पंधरा फुटांवर खिळे जमिनीत पूर्ण ठोका, डोक्याला लाल चिंधी. बॉल जिथं थांबला ते, किंवा कुणी हात लावला तेव्हा बॉल कुठं होता ते बघा, फिल्डरचे पाय कुठं होते ते नाही. आणि होम प्लेट पूर्ण फेअरमध्ये असते. प्लेटला लागला म्हणून फाउल, हे आपल्याकडचं आणखी एक पाठ झालेलं चुकीचं वाक्य.

चौकटीसाठी लाकडाची फ्रेम करून घ्या. प्रत्येक इनिंगला टेकवायची, कडेनं फक्की टाकायची, उचलायची. दोन मिनिटांचं काम.


फक्कीवाला मास्तर, नाशिकरोड:

सुतळी आणि खिळे घेतले. फ्रेम टाकायला जेलरोडच्या सुताराकडे गेलो, चार बाय सहाची चौकट म्हणालो. त्यानं माप लिहून घेतलं आणि विचारलं, खिडकी कुठल्या भिंतीला बसवायची, आणि गज तुमचे की माझे.